घरच्या घरी लाकडात खाच पाडायला परवडणारी अवजारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यवसायानं सुतार नाही. घरातली फडताळं, खण, छोटी कपाटं गेली काही वर्षं स्वतः करतो. या छंदात माझा सगळ्यात जास्त पैसा खाच पाडण्याच्या अवजारांवर गेला, आणि त्यातला बराचसा वाचवता आला असता. नव्यानं सुरुवात करणारे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

खाच म्हणजे खाच. तिचे प्रकार कशाला पाडायचे?

कारण अवजार प्रकारावरून ठरतं. लाकूड म्हणजे गवताच्या घट्ट बांधलेल्या पेंढीसारखं असतं. काड्यांच्या दिशेनं पातं घातलं तर ते दोन काड्यांमधून सरळ जातं. आडवं घातलं तर आधी काड्या तोडाव्या लागतात. न तोडता नुसतं खरवडलं, तर काड्या मुळासकट उपटल्यासारख्या निघतात आणि खाचेच्या कडा फाटतात.

म्हणून लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे या काड्यांच्या, दिशेनं जाणारी खाच वेगळी. खणाचा तळ किंवा दाराच्या चौकटीतलं पॅनेल अशा खाचेत बसतं. रेषांना आडवी जाणारी खाच वेगळी. उभ्या फळीत आडवी फळी अडकवायची असते तेव्हा ती लागते. तिसरी असते कडेला पाडलेली पायरी, तिला कारागीर पताम म्हणतात. कपाटाची पाठ किंवा चौकटीतली काच तिच्यात बसते. पतामाला एकच भिंत असते, त्यामुळे ती पाडायला सगळ्यात सोपी. शिकायला तिच्यापासून सुरुवात करावी.

यात आणखी एक फरक असतो. खाच फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार जाते, की मध्येच थांबते? समोरून खाच दिसू नये म्हणून ती काठाच्या दोन बोटं आधी थांबवतात. अशी थांबलेली खाच विजेच्या गोल करवतीनं नीट होत नाही. अवजार घेण्यापूर्वी पुढच्या दोन-तीन कामांत यातल्या कुठल्या खाचा लागणार आहेत ते कागदावर लिहून काढा.

मग पहिलं काय घ्यावं?

एखाद-दुसऱ्या कामापुरत्या पाच-सहा आडव्या खाचा असतील, तर बारीक दातांची करवत, १२ मिमीची एक चांगली पटाशी, लाकडी मोगरी आणि दोन क्लॅम्प पुरतात. प्लायवूडचं कपाट करायचं असेल आणि वीस-पंचवीस खाचा असतील, तर छोटा ट्रिमर राउटर घ्या. राउटर म्हणजे बिट नावाचं छोटं पातं वेगानं फिरवून लाकूड कोरणारं विजेचं यंत्र. गोल करवत आधीपासून घरात असेल, तर काहीच न घेता पहिलं काम उरकता येईल.

पण अवजार कुठलंही घेतलंत, तरी खाच सरळ येते ती मार्गदर्शक पट्टीमुळे. महागडा राउटर हातानं अंदाजानं चालवला तर वाकडी खाच पाडतो, आणि साधी पटाशी घट्ट बांधलेल्या ठोकळ्याला टेकवून चालवली तर कडा आरशासारखी येते. म्हणून पैसे मोजके असतील तर ते या क्रमानं घालावेत असं माझं मत आहे: आधी दोन चांगले क्लॅम्प आणि खात्रीचा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार), मग धार लावण्याचं साहित्य, आणि त्यानंतर खाच पाडणारं अवजार. दुकानात माणूस नेमका उलट्या क्रमानं खरेदी करतो. मीही तसंच केलं होतं.

नुसत्या हाती अवजारांनी आडवी खाच खरंच नीट येते का?

येते, आणि एकदा हात बसला की एका खाचेला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती माहीत असली की कोणती अवजारं लागत नाहीत ते आपोआप कळतं.

खाचेच्या दोन्ही रेषा पेन्सिलीनं न आखता धारदार चाकूनं आखा. चाकू वरचे तंतू कापतो, म्हणून पुढे कडा फाटत नाहीत. दुसरी रेष मोजपट्टीनं मोजू नका. जी फळी खाचेत बसणार आहे, तीच पहिल्या रेषेला लावून उभी धरा आणि तिच्या बाजूनं चाकू फिरवा. मग टाकाऊ भागाच्या बाजूनं पटाशी तिरकी धरून चाकूच्या रेषेपर्यंत बारीक ढलपी काढा. तिथे एक छोटी उतरंड तयार होते आणि करवत तिच्यात आपोआप बसते.

आता सरळ, गुण्यात असलेला जाड लाकडी ठोकळा रेषेवर क्लॅम्पनं बांधा. करवतीचं पातं ठोकळ्याला चिकटवून दोन्ही रेषा कापा. किती खोल जायचं हे कळण्यासाठी करवतीच्या पात्यावर तेवढं अंतर सोडून चिकटपट्टी लावा. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. मधलं लाकूड पटाशीनं काढताना अर्धं या टोकाकडून आणि अर्धं त्या टोकाकडून, असं मध्याकडे या. एकाच बाजूनं थेट पलीकडे गेलात तर शेवटची कड चिरफळ्या होऊन तुटते. पहिलं जाड काम करताना पटाशीचा उतार, म्हणजे धारेजवळची तिरकी बाजू, खाली ठेवा, म्हणजे ती खोल घुसत नाही. शेवटी उतार वर करून सपाट बाजूनं तळ तासा.

रेषांच्या दिशेनं जाणाऱ्या लांब खाचेला मात्र ही पद्धत कंटाळवाणी आहे. एक मीटर लांबीची ६ मिमी रुंद खाच पटाशीनं एकसारख्या खोलीची पाडणं नवख्याला जवळपास अशक्य. तिथे रंधा किंवा यंत्रच हवं.

स्वस्त पटाश्यांचा संच घेतला तर चालेल का?

चालेल, पण सहा-आठ पटाश्यांच्या संचातल्या दोनच वापरात राहतात. माझ्याकडे ६ आणि १२ मिमी सतत हातात असतात, १८ मिमी अधूनमधून. त्यापेक्षा दोनच सुट्या, जरा बऱ्या पोलादाच्या घ्या. खाचेपेक्षा पटाशी थोडी अरुंद असावी. बरोबर खाचेएवढी असली तर ती भिंतींना घासत जाते.

नवी पटाशी धारदार नसते, मग ती कितीही महाग असो. आधी पाठीची बाजू, निदान टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर, पूर्ण सपाट करून घ्यावी लागते. पाठ सपाट नसेल तर उताराला कितीही घासा, धार येत नाही. उतार साधारण २५ अंशांचा आणि अगदी टोकाला ३० अंश. महागडा निसणा लागत नाही. जाड काचेच्या तुकड्यावर ४००, १००० आणि २००० नंबरचा पाण्यातला पॉलिशपेपर लावून क्रमानं घासलं, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून मागे ओढलं की धार तयार. लाकडाच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे तंतू कापले जातात त्या बाजूवर, पटाशी दाबून बघा. पातळ सलग पापुद्रा निघाला तर झालं. भुगा निघाला तर परत काचेकडे.

खाचेचा तळ खालीवर होतो. काय करू?

ही तक्रार सगळ्यांचीच असते. यासाठी राउटर प्लेन नावाचा हाती रंधा मिळतो. त्याचं तळवं लाकडाच्या पृष्ठभागावर टेकलेलं असतं आणि त्यातून खाली आलेलं छोटं पातं खाचेचा तळ ठरलेल्या खोलीवर तासतं. नाव सारखं असलं तरी विजेच्या राउटरशी त्याचा संबंध नाही. नवा घेतला तर तो स्वस्त नसतो, पण घरी करणं अगदी शक्य आहे, आणि मी तेच सुचवीन.

कठीण लाकडाचा हातात मावेल असा, साधारण १५० मिमी लांब, ७५ मिमी रुंद, ३५ मिमी जाड ठोकळा घ्या. पातं म्हणून ६ मिमीची एल आकाराची ॲलन की (षटकोनी दांड्याची चावी) वापरा. तिच्या सपाट बाजूंमधलं अंतर ६ मिमी असलं तरी कोपऱ्यांमधलं जवळपास ७ मिमी भरतं, म्हणून ठोकळ्यात ७ मिमीचं उभं भोक पाडा. भोकासमोर ठोकळ्याचा थोडा भाग कोरून काढा, म्हणजे ढलप्या अडकणार नाहीत आणि पातं दिसेल. लांब दांडा भोकातून वर जातो, आखूड पाय खाली पुढे येतो. पायाच्या टोकाला उतार देऊन धार लावा. पायाची खालची बाजू मागच्या अंगाला किंचित घासून उचला, म्हणजे लाकडाला फक्त धारच टेकेल. बाजूनं एक बोल्ट आत आणून दांडा आवळून ठेवा.

धार लावताना की ग्राइंडरवर धरत असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं तर त्याची कठीणता गेली, मग धार टिकत नाही. वापरताना पातं एकदम पूर्ण खोलीवर आणू नका. जरा खाली, एक फेरी, पुन्हा जरा खाली. या ठोकळ्यानं माझी राउटरनं पाडलेली खाचसुद्धा सुधारली आहे, म्हणून यंत्र घेतलंत तरी हा करून ठेवा.

लांब खाचेसाठी खास रंधा मिळतो असं ऐकलं. घ्यावा का?

प्लाउ प्लेन म्हणतात त्याला. बाजूला सरकणारी कुंपणपट्टी असते, ती फळीच्या काठाला चिकटवून रंधा ढकलायचा. खोली ठरवणारा अडसरही असतो. एका फेरीत पातळ ढलपी निघते आणि वीस-पंचवीस फेऱ्यांत खणाच्या तळाची खाच तयार होते. आवाज नाही, हवेत धूळ नाही. रात्री घरातले झोपलेले असतानाही काम करता येतं, ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे.

तो भरीव लाकडात, रेषांच्या दिशेनंच चांगला चालतो. आडव्या खाचेला तंतू आधी कापणारी दातेरी पाती असलेला वेगळा रंधा लागतो. प्लायवूडमध्ये एका थराआड एक थर आडवा असतो आणि मध्ये डिंकाचे थर, त्यामुळे तिथे धार लवकर जाते. जुन्या रंध्यांत रेकॉर्ड कंपनीचा ०४३ हा लहान नमुना घरच्या कामाला पुरेसा आहे. त्याच्यासोबत ३, ५ आणि ६ मिमीच्या आसपासची तीन पाती येत. जुना घेताना पाती सगळी आहेत ना, आणि कुंपणपट्टीचे दांडे सरळ आहेत ना, एवढं आधी पाहा. पाती हरवलेला रंधा स्वस्त मिळतो आणि पाती शोधताना महाग पडतो.

रंधा चालवताना सुरुवात फळीच्या पुढच्या टोकापासून करा. आधी पुढचे काही सेंटिमीटर, मग दरवेळी थोडं मागून. मागून एकदम पूर्ण लांबीची फेरी मारली आणि पातं रेषांसोबत भरकटलं, तर ती चूक सगळ्या खाचेत उमटते.

माझ्याकडे गोल करवत आहे. तिच्यानं काम भागेल?

आरपार जाणाऱ्या आडव्या खाचांना उत्तम भागेल. पात्याची खोली खाचेएवढी ठेवा, दोन्ही कडांना पट्टीच्या आधारानं एकेक काप घ्या, मधे पाच-सहा काप घ्या. मध्ये उरलेल्या पातळ भिंती पटाशीच्या फटक्यानं पडतात. पात्याच्या दातांमुळे तळावर बारीक रेघोट्या राहतात, त्या वरच्या घरगुती राउटर प्लेननं जातात.

पट्टी कुठे बांधायची हे दरवेळी मोजत बसू नका. पातळ प्लायच्या लांब तुकड्यावर एक सरळ पट्टी चिकटवा आणि करवत त्या पट्टीला टेकवून प्लायचा जास्तीचा भाग कापून टाका. आता त्या प्लायची कड म्हणजेच तुमच्या करवतीची कापण्याची रेष. कड चाकूच्या रेषेवर ठेवली, क्लॅम्प लावले, की काप तिथेच पडणार. खोली ठरवताना या प्लायची जाडी मिळवायला विसरू नका, आणि करवतीचं पातं बदललंत तर दातांची रुंदी बदलल्यामुळे पट्टी नवी करावी लागेल.

थांबलेल्या खाचेला ही करवत नको. गोल पात्यामुळे शेवटी उतार राहतो, आणि चालू पातं वरून लाकडात उतरवताना करवत मागे उसळू शकते.

ट्रिमर घ्यावा की मोठा राउटर?

घरी, पहिलंच यंत्र असेल, तर ट्रिमर. एका हातात मावतो, साधारण ५०० ते ७०० वॅटचा असतो, ६ मिमी किंवा ६.३५ मिमी दांड्याची बिट त्यात बसतात. ६ मिमी खोलीच्या खाचा, पताम, कडा गोल करणं, बिजागरीची खोबण, ही सगळी कामं तो करतो. वेग कमी-जास्त करता येणारा घ्या. एकाच वेगाचे स्वस्त मिळतात, पण मोठ्या व्यासाचं बिट त्यांच्यावर लावणं धोक्याचं आहे.

मोठ्या राउटरमध्ये १२ किंवा १२.७ मिमीचा दांडा बसतो. दांड्याचा व्यास दुप्पट झाला की वाकण्याला त्याचा विरोध सोळापट होतो, म्हणून खोल खाचेत तो थरथरत नाही. दार, पलंग असं जाड लाकूड नेहमी हाताळणार असाल तर तोच घ्या. वरून खाली सरकणारा, म्हणजे प्लंज प्रकारचा असेल तर थांबलेल्या खाचा सुरक्षितपणे सुरू करता येतात. ट्रिमरलाही असा प्लंज बेस वेगळा मिळतो, पण तो तुमच्या यंत्राच्या अंगाला बसतो का ते आधी तपासा.

यंत्रात तीन गोष्टी बघा. खोलीचा स्क्रू आवळल्यावर ती हलते का? बिट पकडणारं कॉलेट गुळगुळीत आणि एकसारखं आहे का? तळपट्टीतून बिटचं टोक दिसतं का? यातली पहिली फार महत्त्वाची. काम चालू असताना हळूहळू खाली सरकणारं बिट खाच वाया घालवतं, आणि ते लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

६ मिमी आणि ६.३५ मिमी यात काय एवढा फरक?

०.३५ मिमीचा, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीचा दांडा ६.३५ च्या कॉलेटमध्ये बळजबरीनं आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांवर सुटून बाहेर येऊ शकतो. १२ आणि १२.७ चंही तेच. बिट विकत घेण्यापूर्वी यंत्रावरचं कॉलेटचं माप वाचा. दांडा किमान २० मिमी आत जाऊ द्या, मग तळाला टेकल्यावर दोन-तीन मिमी मागे ओढून आवळा. तळाला टेकलेला दांडा आवळताना कॉलेट नीट पकड घेत नाही.

कोणती बिट घेऊ? वीस-तीस बिटचा डबा स्वस्त मिळतोय.

डबा नको. त्यातली अर्धी अधिक बिट शोभेच्या कडांची असतात. खाचेसाठी ६ मिमी आणि १२ मिमीचं सरळ बिट, कार्बाइड टोकाचं, आणि बेअरिंग (कडेला टेकून फिरणारं छोटं चाक) असलेलं पतामाचं बिट, एवढ्यावर कितीतरी काम होतं. चौथं घ्यायचं झालं तर वर, दांड्याच्या बाजूला बेअरिंग असलेलं सरळ बिट घ्या. त्याचा उपयोग पुढच्या उत्तरात आहे.

साध्या हायस्पीड पोलादाची बिट सुरुवातीला छान धारदार असतात, पण प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) यांच्यातल्या डिंकानं लवकर बोथट होतात. बोथट बिट लाकूड जाळतं. खाचेच्या भिंती काळ्या पडायला लागल्या तर बिट बोथट झालंय, किंवा तुम्ही फार हळू सरकताय, किंवा वेग फार आहे. बिटवर राळ चिकटली असेल तर आधी ती साफ करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानंच ते पुन्हा कापायला लागतं.

१८ मिमीच्या बिटनं पाडलेल्या खाचेत १८ मिमीची फळी ढिली का बसते?

कारण ती १८ मिमीची नसते. प्लायवर छापलेली जाडी नाममात्र असते. पॉलिश करून, घासून ती अर्धा-पाऊण मिमीनं कमी भरते, आणि प्लायच्या एकाच तावात टोकाटोकाला फरक असतो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या फडताळाला मी १८ चं बिट हौसेनं आणलं होतं. फळी मोजली तेव्हा १७.३ भरली. पण मोजली खाचा पाडून झाल्यावर. सगळ्या फळ्या खाचेत डुगडुगत होत्या आणि डिंकानं ती पोकळी भरत नाही. त्यानंतर मी ते बिट खाचेसाठी परत लावलेलं नाही.

उपाय साधा आहे आणि त्याला आकडेमोड लागत नाही. दोन सरळ पट्ट्या घ्या. त्यांच्यामध्ये खाचेत बसणारी फळीच उभी ठेवा, पट्ट्या तिला दोन्ही बाजूंनी चिकटवा, गुण्यात आहेत हे पाहून क्लॅम्प आवळा आणि फळी काढून घ्या. मधली फट म्हणजे तुमच्या फळीची खरी जाडी. आता वर बेअरिंग असलेलं १२ मिमीचं बिट एकदा एका पट्टीच्या आणि एकदा दुसऱ्या पट्टीच्या आधारानं फिरवा. खाच अगदी फळीएवढीच येते. पहिल्या उथळ फेरीत बेअरिंग पट्टीच्या वर निघून जात नाही ना, हे यंत्र बंद असतानाच तपासा. जात असेल तर जाड पट्टी वापरा किंवा आखूड पात्याचं बिट घ्या.

फळी हाताच्या दाबानं आत गेली पाहिजे आणि उलटी धरली तर लगेच पडता कामा नये. हातोडीनं ठोकून बसत असेल तर डिंक लावल्यावर ती ओलाव्यानं फुगते आणि अर्ध्यातच अडकते.

एका फेरीत किती खोल जावं, आणि राउटर कुठल्या बाजूनं ढकलावा?

बिटच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. ६ मिमीच्या बिटला ३ मिमी. ट्रिमरवर कठीण लाकूड असेल तर दोनच मिमी. २५ मिमीपेक्षा मोठ्या बिटला वेग मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर किंवा त्याखाली ठेवा.

दिशेचं कारण समजून घेतलं की पाठ करावं लागत नाही. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. तुम्ही राउटर स्वतःपासून पुढे ढकलता तेव्हा बिटची पुढची कड उजवीकडे कापत जाते, आणि त्या जोरानं राउटर डावीकडे ओढला जातो. म्हणून मार्गदर्शक पट्टी राउटरच्या डाव्या हाताला बांधा. मग हा ओढा राउटरला पट्टीवर दाबून धरतो. पट्टी उजवीकडे असली तर तोच ओढा राउटरला पट्टीपासून दूर नेतो आणि खाच भरकटते. दोन पट्ट्यांच्या फटीत काम करताना डाव्या पट्टीला टेकून पुढे जा, उजव्या पट्टीला टेकून परत या.

राउटरची गोल तळपट्टी बिटशी तंतोतंत एककेंद्री असेलच असं नाही. तळपट्टीवर एक खूण करा आणि दर फेरीत तीच बाजू पट्टीला टेकवा.

खाच किती खोल हवी?

फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश. १८ मिमीच्या फळीत ६ मिमी. एकाच उभ्या फळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा येत असतील, तर मध्ये निदान ६ मिमी लाकूड उरू द्या. खणाच्या तळाची खाच खालच्या कडेपासून ६ ते १० मिमी वर घ्या, नाहीतर वजनानं खालची पट्टी चिरते.

भरीव लाकडाचं पॅनेल खाचेत डिंकानं चिकटवू नका. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे ते रुंदीत फुगतं आणि आकसतं. ३०० मिमी रुंद पॅनेलला दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी मोकळी जागा ठेवा. प्लायला ही काळजी नाही.

ड्रिलला राउटर बिट लावलं तर?

नको. ड्रिलचा चक सरळ खाली येणाऱ्या जोरासाठी असतो, बाजूनं येणाऱ्या जोरानं बिट सुटतं. वेगही राउटरच्या दहाव्या भागाएवढाच असतो, त्यामुळे बिट कापत नाही, उखडतं. अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून खाच पाडायचा सल्लाही कुणी देतं. तो मात्र मी कुणालाही देणार नाही. ते यंत्र हातातून उसळलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

प्लायच्या खाचेच्या कडा फाटतात, वरचा पापुद्रा निघतो.

चाकूनं दोन्ही रेषा आधी खोल आखा. पहिली फेरी अर्ध्या-एक मिमीची घ्या. खाच जिथे काठातून बाहेर पडते तिथे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट टेकवून बांधा, म्हणजे काठाला आधार मिळतो आणि फाटला तर तो तुकडा फाटतो. खाली ढकलत कापणारं मळसूत्री बिट यावर उत्तम आहे, पण महाग, आणि वरच्या तीन गोष्टी केल्या तर बहुतेक कामांत त्याची गरज पडत नाही. पार्टिकल बोर्डला (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डला) मात्र खाच पाडूच नका. भिंती भुरभुरीत होतात आणि वजन पेलत नाहीत.

मास्क, चष्मा हे खरंच लागतं का? थोडंसंच काम आहे.

लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. राउटर जी धूळ उडवतो ती पिठासारखी बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही हवेत असते. साधा कापडी रुमाल उपयोगाचा नाही. एन ९५ किंवा एफएफपी२ प्रतीचा मास्क हवा, आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही वेळ राहू द्या.

राउटरचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणून कानांवर संरक्षण हवं. चष्मा तर हवाच. हातमोजे मात्र घालू नका. फिरणारं बिट कापड पकडतं आणि बोटं आत ओढली जातात. बिट बदलताना प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. या साहित्याचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरा. तो परवडत नसेल तर हाती अवजारांनी काम करा, त्यात ही धूळ जवळजवळ नसते.

खाच चुकीच्या जागी पडली. फळी टाकून द्यावी?

टाकू नका. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, रेषा त्याच दिशेला येतील अशी पट्टी कापा. खाचेपेक्षा केसभर जाड ठेवा आणि रंध्यानं तासत तासत घट्ट बसेल इतकी करा. डिंक लावून मोगरीनं बसवा आणि पृष्ठभागाच्या थोडी वर राहू द्या. दुसऱ्या दिवशी रंध्यानं सपाट करा. मग नवी खाच खुशाल पाडा, अर्धी त्या भरलेल्या पट्टीत आली तरी चालतं.

खाच फक्त थोडी रुंद झाली असेल, तर पट्टीऐवजी फळीच्या एका बाजूला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवा. रंध्यातून निघालेली लांब, सलग ढलपी यासाठी अगदी योग्य असते. तिची जाडी रंध्याचं पातं वरखाली करून हवी तेवढी करता येते. मी अशा ढलप्या एका डब्यात जपून ठेवतो, आणि पुस्तकाच्या त्या डुगडुगणाऱ्या फडताळाच्या फळ्याही शेवटी त्यांनीच घट्ट बसल्या.